हिस्टेरिकल म्हणजे नक्की काय पाहिलंस

हिस्टेरिया हा शब्द मी इंग्रजी शिकायच्या आधीच शिकले. चिंचवडला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू राहायच्या. त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी झटका यायचा. दातखीळ बसायची, हातपाय ताठ व्हायचे, आणि बिल्डिंगमधल्या बायका कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरायला धावायच्या. कुणी चप्पल हुंगवायचं. डॉक्टर येऊन गेले की जिन्यात कुजबुज सुरू व्हायची, हिस्टेरिया आहे म्हणून. बोलणारीचा सूर असा असायचा की हा आजार आहे आणि नाहीही. थोडा नवऱ्याचा दोष, थोडा नशिबाचा, आणि बाकी सगळं नाटक. आम्ही मुली खेळताना एकमेकींना चिडवायला तो शब्द वापरायचो. काकूंना नेमकं काय होत होतं ते मला आजही माहीत नाही. नर्स झाल्यापासून त्याची जास्तच लाज वाटते.

सिडनीला शिकायला आले तेव्हा हा शब्द भलत्याच कपड्यांत भेटला. ज्या घरात आम्ही पाचजणी भाड्याने राहायचो तिथे मी एकदा माझी फजिती सांगत होते. सुपरमार्केटच्या मशीनवर मी कोथिंबिरीऐवजी पार्सलीचं बटण दाबलं होतं आणि मदतीला आलेल्या मुलाशी दहा मिनिटं वाद घातला होता. माझी ऑस्ट्रेलियन रूममेट हसून हसून सोफ्यावर लोळली आणि म्हणाली, यू आर हिस्टेरिकल. मी रागाने उठून खोलीत गेले आणि दार आपटलं. तिने बाहेरून तीनदा समजावलं, की अगं, म्हणजे तू फार मजेशीर आहेस. मला पटायला दोन दिवस लागले. माझा राग लवकर चढतो आणि उशिरा उतरतो, हे माझ्या घरचे सगळे सांगतील.

पुढे युनीत, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत, एका लेक्चरमध्ये कळलं की शब्दाचं मूळ ग्रीक आहे आणि त्याचा संबंध गर्भाशयाशी आहे. म्हणजे हा आजार मुळात बाईसाठीच राखून ठेवलेला. त्यानंतर माझे कान टवकारले. टीव्हीवर एखादी बाई तावातावाने बोलली की ती हिस्टेरिकल, आणि पुरुष तसाच बोलला की तो पॅशनेट. वॉर्डात भिंतीवर बुक्की मारणारा पेशंट अँग्री, आणि उशीत तोंड खुपसून रडणारी बाई हिस्टेरिकल. मी मैत्रिणींमध्ये यावर मोठमोठी भाषणं ठोकायची. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात हा शब्द माझ्याच तोंडून निघाला.

नोकरी लागली ती हाडांच्या वॉर्डात. तिथे आमच्या शिफ्टची इन-चार्ज साठीला आलेली एक बुटकी, रुंद बांध्याची नर्स होती. वडील पोर्ट केंब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात कामाला, घरात सहा भावंडं, शाळा अर्धवट सोडून नर्सिंगला आलेली. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, तिलाही मारायचे. मीसुद्धा तोंडाने मारायची, पण मनात मात्र तिला बाई म्हणायची, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. म्हणून इथेही बाईच लिहिते.

बाईंची एक सवय सगळ्या वॉर्डाला माहीत होती. दुपारी दीडच्या हँडओव्हरला, म्हणजे सकाळची नर्स दुपारच्या नर्सला पेशंट सोपवते तेव्हा, कुणी म्हणालं की चार नंबरची पेशंट हिस्टेरिकल होती, की बाई हातातलं पेन खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "काय पाहिलंस?" बस, एवढंच. आवाज चढवायचा नाही, टोमणा नाही. मग त्या नर्सला सांगावं लागायचं, की ती रडत होती. कधीपासून? ड्रेसिंग बदलल्यापासून. काही म्हणत होती? हो, मुलीला फोन लावून द्या म्हणत होती. मग बाई पेन उचलायच्या आणि म्हणायच्या, गुड, म्हणजे तिला फोन हवा आहे. ड्रॅमॅटिक, डिफिकल्ट, अटेन्शन सीकिंग, सगळ्या शब्दांना हाच प्रश्न. नवीन मुलींना वैताग यायचा. घरी जायची घाई असताना बाईंनी पेन खाली ठेवलं की एखादी डोळे फिरवायची. मला मात्र त्या प्रश्नाचं कौतुक वाटायचं. मी एकदा त्यांना विचारलं होतं, की ही पद्धत कुणी शिकवली. त्या म्हणाल्या, "नथिंग फॅन्सी. मला त्या शब्दातून काही कळत नाही, म्हणून विचारते."

त्या वर्षी हिवाळ्यात आमच्याकडे बार्शीकडच्या एक काकू आल्या. कॅसल हिलला मुलाकडे नातू सांभाळायला सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या, घरामागच्या ओल्या फरशीवरून घसरल्या आणि नडगीचं हाड मोडलं. इमर्जन्सीत गुडघ्यापासून पावलापर्यंत प्लास्टर घालून वॉर्डात पाठवलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं होतं. हातावर गोंदण, केसांचा घट्ट अंबाडा, आणि इंग्रजीचा गंधही नाही. मला बघून त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. मुलगा ऑफिसला गेला होता, सून बाळाला घेऊन घरी. पुढचे आठ तास त्यांचं बोलणं समजणारी त्या मजल्यावर मी एकटीच होते.

अडीचच्या सुमाराला त्या विव्हळायला लागल्या, आणि तीनपर्यंत रडणं सगळ्या वॉर्डात ऐकू जायला लागलं. आई गं, मेले गं, सोडवा मला. औषध दिलं, त्याने काही झालं नाही. शेजारच्या बेडवरच्या म्हातारीने टीव्हीचा आवाज वाढवला. समोरच्या खोलीतला एक नातेवाईक दारात येऊन बघून गेला. आणि मी काकूंच्या बेडभोवतीचा पडदा ओढून घेतला. काळजीने ओढला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. तो चारचौघांतल्या लाजेने ओढला होता.

बाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना ही लाज चांगली ओळखीची आहे. ट्रेनमध्ये कुणी मोठ्याने मराठीत फोनवर बोलत असेल तर आपण उगाच खिडकीबाहेर बघतो. पार्कमध्ये कुणाच्या आईने पदर तोंडाला लावून हंबरडा फोडला तर आपण आसपासच्या गोऱ्या लोकांकडे बघून आधीच सॉरी म्हणून टाकतो. कुणी मागितलेलं नसतं. मी तर या कामात पटाईत होते. पाच वर्षं मेहनत घेऊन मी स्वतःचा आवाज इथल्या मापाचा करून घेतला होता आणि आता बार्शीची एक बाई तो सगळ्यांदेखत बिघडवत होती, असं मला वाटलं. असं वाटलं हे लिहायलाही जड जातंय.

मी डॉक्टरला बोलावलं. तो तरुण होता, सभ्य होता आणि त्याच्या कमरेचा पेजर सारखा वाजत होता. त्याने मला विचारलं, की ही काय म्हणते आहे. काकू तेव्हा माझा हात धरून एका दमात बोलत होत्या, चांगलं मिनिटभर. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. पाय खूप दुखतोय म्हणते. जरा हिस्टेरिकल झाली आहे, आमच्याकडच्या बायका जरा मोठ्यानेच रडतात. तो समजूतदारपणे हसला. मीही हसले. त्याने औषधाचा डोस वाढवला, मन शांत करायला आणखी एक गोळी लिहिली, तासा-दोन तासांत येतो म्हणाला आणि पेजर बघत निघून गेला.

मग मी काकूंकडे वळले. म्हटलं, "काकू, जरा धीर धरा. इथे असं ओरडत नाहीत. बाकीच्यांना त्रास होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात सोडला. आणि रडणं थांबवलं.

मी खूश झाले. चार्टवर लिहिलं, पेशंट सेटल्ड. आमच्या धंद्यात हा फार लाडका शब्द आहे, पेशंट शांत झाला, आता दुसरीकडे बघायला मोकळ्या. मी दोन पेशंटची औषधं दिली, एकाला बाथरूमला नेऊन आणलं, चहाही प्यायले.

साधारण पाऊण तासाने बाई फेरी मारत आल्या. काकूंच्या पायथ्याशी थांबल्या आणि थांबूनच राहिल्या. मला हाक मारली. मी सांगितलं, की मघाशी हिस्टेरिकल होती, आता सेटल्ड आहे. एका दमात मी दोन्ही शब्द वापरले आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. बाईंच्या हातात पेन नव्हतं, पण त्यांनी हात तसाच खाली आणला.

"काय पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

मी काकूंकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यांनी चादरीचं टोक दातांत धरलं होतं. कपाळावर, मानेवर, वरच्या ओठावर घाम होता, आणि वॉर्डात तर थंडी वाजत होती. दोन्ही हातांनी बेडची दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. डोळे छताकडे. काकू शांत नव्हत्या. बाईंनी प्लास्टरच्या टोकाशी दिसणारी पावलाची बोटं हातात घेतली, गार आहेत का बघितलं, आणि अंगठा अगदी हलकेच वर उचलला. काकूंच्या तोंडातून आवाज आला नाही, पण त्यांचं सगळं अंग बेडवरून उचललं गेलं.

"मघाशी ती डॉक्टरसमोर काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, खूप दुखतंय म्हणाली.

"एवढंच नव्हतं. मी तिकडे डेस्कवर होते, मला तिचा आवाज ऐकू येत होता. ती पुष्कळ बोलली. तू ते आवरून सांगितलंस." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "डोन्ट टायडी इट अप, लव्ह. आता तिला परत विचार, आणि ती जे बोलेल तेच मला सांग. वेडंवाकडं असलं तरी चालेल."

एरवी कुणी असं बोललं असतं तर मी चार दिवस धुसफुसले असते. तेव्हा राग आलाच नाही. मी स्टूल ओढून काकूंच्या उशाशी बसले आणि विचारलं. आधी त्या नको म्हणाल्या, मान हलवली. मी परत विचारलं, म्हटलं, काकू, मी चुकले, सांगा मला, पाय कसा दुखतोय. तेव्हा त्यांनी दातातली चादर सोडली.

"हाड मोडलं तवा दुखलं ते येगळं, पोरी. ह्यो पाय आतनं फुगतोय आन् प्लास्टर त्याला जागा देईना. फुटंल आता. आन् बोटं माझी नाहीत. दुसऱ्या कुणाची तरी लावल्यावानी वाटत्यात."

मी एकेक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगत गेले. माझं मलाच ते विचित्र वाटत होतं. बोटं माझी नाहीत या वाक्याशी मी अडखळले, वाटलं, बधिर झालीत असं म्हणावं, तेच बरं दिसेल. पण बाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणून तेही तसंच सांगितलं.

बाई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. फोन उचलला. त्या धावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. डॉक्टरला म्हणाल्या, की पेशंटला औषधाने फरक नाही, अंगठा हलवला तर सहन होत नाही, आणि पेशंटचे शब्द असे आहेत की पाय प्लास्टरमध्ये मावत नाही आणि बोटं तिची राहिलेली नाहीत. ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. बाई म्हणाल्या, "नाही, हिस्टेरिकल नाही. मी तिच्याशेजारी उभी आहे. तू वर ये, आणि सर्जनला घेऊन ये."

दहा मिनिटांत दोघंही आले. करवतीने प्लास्टर उभं कापून उघडलं. पोटरी चकाकत होती, दगडासारखी घट्ट. मोडलेल्या हाडाभोवती सूज वाढत गेली, तिला बाहेर जायला वाट नव्हती, आणि आतल्या आत दाबाने पायाचा रक्तपुरवठा तुटत चालला होता. यात घड्याळाला फार किंमत असते. आणखी काही तास गेले असते तर स्नायू मेले असते, आणि मग पाय ठेवायचा की काढायचा असा विषय निघाला असता. तासाभराच्या आत काकू ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. सर्जनने दोन्ही बाजूंनी लांब चिरे देऊन दाब मोकळा केला. मुलगा ऑफिसातून धापा टाकत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, फक्त माझं वाक्य सोडून.

संध्याकाळी निरोप आला, की पाय वाचला. वॉर्डातल्या सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. तरुण डॉक्टर येऊन म्हणाला, तुझी भाषा होती म्हणून, थँक यू. मी नुसती मान हलवली. बाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं असतं तर माझी शोभा झाली असती, पण त्यांनी सगळे पांगेपर्यंत वाट बघितली. मग मला म्हणाल्या, की नोट्स लिहून घे. तीन वाजता डॉक्टरला काय सांगितलंस, तेही लिही. जसं म्हणालीस तसंच.

मी लिहिलं. बाईंनी शेजारी बसून वाचलं, खाली स्वतःची सही केली आणि मला चहा आणून दिला. त्या बाईंसारखी माणसं मी आयुष्यात फार थोडी पाहिली आहेत. त्यांनी मला पाठीशी घातलं नाही आणि एकटीही सोडलं नाही.

काकू पुढे तीन आठवडे आमच्याकडे होत्या. जखमा टप्प्याटप्प्याने शिवल्या, हाडात सळई घातली. आणि तीन आठवडे त्या येईल त्याला, भाषा समजो न समजो, माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, की या पोरीने माझा पाय वाचवला. मुलाने वॉर्डासाठी चिवड्याचे डबे आणले. सगळे मिटक्या मारत खात होते आणि मी माझा वाटा दुसऱ्यांकडे सरकवत होते. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, झालं गेलं, नो वरीज, शेवटी पाय वाचला ना. मी त्याच्यावरच भडकले.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. गुंता फार झाला होता, म्हणून मी तेल लावून हळूहळू सोडवत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे मला धीर आला. मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी डॉक्टरला मी तुमच्याबद्दल नको तो शब्द सांगितला. तुम्ही दुखण्याने रडत होता आणि मी सांगितलं, की..."

"हिस्टेरिया म्हणालीस," त्या म्हणाल्या. "ठाव हाय मला. तेवढा शबुद आमच्याकडं बी हाय. माझ्या धाकट्या जावेला म्हणायचे."

माझा हात थांबला. मी विचारलं, की मग तेव्हाच का नाही बोललात. आणि एवढं कळूनही सगळ्यांना माझं कौतुक कशाला सांगत बसलात.

"तवा वाटलं, पोरगी शिकलेली हाय, आपल्यातली हाय. ती म्हणते म्हंजे माझंच डोस्कं फिरलं आसंल. म्हणून गप बसले. दुखत तर व्हतंच." मग म्हणाल्या, "कौतिक खोटं न्हाई. परत येऊन बसलीस का न्हाई उशाशी?"

पाऊण तास. चादर दातांत धरून ही बाई माझा शब्द खरा मानायचा प्रयत्न करत होती आणि मी तिकडे चहा पीत होते. मला रडू आवरेना. त्यांना ते कळलं, पण त्यांनी मान वळवली नाही. मी तेलकट हातांनीच डोळे पुसले आणि वेणीचे पेड घालायला घेतले.

वेणी निम्मी झाल्यावर त्यांनीच विचारलं, "आन् ती बुटकी मड्डम? तिला तर आपली भाषा येत न्हाई. तिला कसं गं कळलं?"

"तिने विचारलं, काकू," मी म्हणाले.